खाऱ्या पाण्याच्या टाकीचा खर्च मे महिन्यापासून उलटा मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यात घर आहे, मुलांना क्लाउनफिश (नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची समुद्री मासोळी) पाळायची आहे, त्यासाठी ४० हजार रुपये बाजूला काढले आहेत. शहरातल्या दुकानदाराने एक फुटाची तयार टाकी, भारी एलईडी लाइट आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारे यंत्र) असे ३२ हजारांचे पॅकेज सांगितले आहे. ते घ्यावे का, आणि विहिरीचे पाणी तसेही खारटच आहे तर तेच टाकीत चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

पॅकेज घेऊ नका. विहिरीचे पाणी चालणार नाही. आणि ४० हजारांत टाकी उभी राहील, हिवाळाभर छान चालेल, पण त्यावर आणखी २० ते ३० हजार हाताशी नसतील तर ती पुढचा उन्हाळा काढणार नाही. हे पैसे आजच लागत नाहीत, फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत उभे केले तरी चालतात. का ते सविस्तर सांगतो, कारण अमरावती-अकोला भागात टाक्या लावताना मी हाच हिशेब प्रत्येक घरी मांडतो.

दुकानातला हिशेब काच आणि लाइटपासून सुरू होतो. किनाऱ्यावरच्या शहरात तो काही अंशी जमूनही जातो. आपल्याकडे मात्र हिशेब नवतपापासून (मे अखेरच्या सर्वात तापलेल्या नऊ दिवसांपासून) मागे मोजत यावा लागतो. मे महिन्याचा शेवट, दुपारचे तीन वाजलेले, बाहेर ४५ अंश, आणि लाइन गेलेली. त्या तीन-चार तासांत मासे जगवायला जे लागते ते आधी लिहून काढायचे, त्याचे पैसे आधी बाजूला ठेवायचे, आणि उरलेल्यात बाकीची टाकी बसवायची.

क्लाउनफिशला पाणी २५ ते २७ अंशांचे लागते. २८-२९ ती सहन करते. ३१च्या पुढे गेले की धोका सुरू होतो, आणि तो एकटा येत नाही. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना सव्वासहाच्या आसपास. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. शिवाय माशांमुळे पाण्यात येणाऱ्या अमोनियाचा विषारी भाग तापमानाबरोबर वाढतो, आणि खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असल्याने गोड्या पाण्यापेक्षा इथे तो आधीच जास्त असतो.

आता थंड कसे ठेवायचे. दोन रस्ते आहेत, पंखा आणि चिलर (फ्रिजसारखे पाणी थंड करणारे यंत्र). दोन्ही कुठे चालतात आणि कुठे थकतात हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे, कारण घरातला कूलर तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. मे महिन्यात कूलर खोली गारेगार करतो आणि मृगाचा पाऊस पडून गेला की नुसती चिकचिक करतो. टाकीवर लावलेल्या पंख्याचेही तंतोतंत तसेच. पंखा पाण्याची वाफ करतो आणि एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता सोबत नेते. खोलीत ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर वाफेने पाणी थंड होण्याची शेवटची मर्यादा २२-२३ अंशांच्या आसपास येते. तिथपर्यंत टाकी पोचत नाही, पण २८-२९ पर्यंत येऊ शकते. तेच खोलीत ३३ अंश आणि ८० टक्के आर्द्रता झाली की ही मर्यादा थेट ३० अंशांवर जाते. मग पंखा दिवसरात्र फिरवला तरी पाणी त्याखाली जाणार नाही.

म्हणून पंख्यावर चाललेल्या टाक्या आपल्याकडे मे महिन्यापेक्षा जूनमध्ये जास्त दगा देतात. पहिल्या सरी पडतात, घरातल्यांना बरे वाटते, टाकीकडचे लक्ष कमी होते, आणि दोन दिवसांत पाणी ३१-३२ वर बसते. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यातही तेच. खोलीत कूलर चालू असेल तेव्हासुद्धा पंख्याची ताकद घटते, कारण कूलरने हवा आधीच ओली केलेली असते. तरी कूलरमुळे खोलीच थंड राहते, त्यामुळे एकंदरीत तो फायद्याचाच.

ज्या खोलीत टाकी आहे तिथे एसी असेल आणि तो उन्हाळा-पावसाळा रोज चालत असेल तर चिलर लागत नाही. नसेल तर चिलर हा या टाकीचा सगळ्यात महाग आणि सगळ्यात आवश्यक भाग आहे. सुमारे ११० लिटर पाण्याच्या टाकीला एक दशांश हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसरवाला चिलर कागदावर पुरतो, पण ते कागद २५-३० अंशांच्या खोलीसाठी लिहिलेले असतात. ४० अंशांच्या खोलीत चिलरची ताकद उतरते. म्हणून कंपनीच्या कोष्टकात तुमच्या टाकीसमोर जे मॉडेल दिसेल त्याच्या एक पायरी वरचे घ्या. नव्याला २० ते ३० हजार धरा. आतली कॉइल टायटॅनियमची आहे याची खात्री करा. जुन्या फ्रिजची तांब्याची नळी पाण्यात सोडून घरगुती चिलर बनवून देतो असे कोणी म्हणाले तर स्पष्ट नाही म्हणा, कारण खाऱ्या पाण्यात तांबे विरघळते आणि शंख, कोळंबी, दगडावरचे जीव सगळे मारते. पाच-सहा हजारांत मिळणारे कॉम्प्रेसरविना इलेक्ट्रॉनिक चिलर लहानशा टाकीला दोन-चार अंश खाली आणतात. आपल्या उन्हापुढे त्यांचे काही चालत नाही. ते पैसे वाया जातात.

चिलरचा भार कमी करायला सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे थर्माकोल. टाकीची मागची बाजू, दोन्ही कडा आणि तळ एक इंच जाड थर्माकोलने झाकला की फक्त समोरची काच उघडी राहते. दोनशे रुपयांच्या या कामाने चिलर चालण्याचे तास बरेच घटतात. टाकी पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, ती भिंत रात्री दहापर्यंत धग सोडते. घर मातीचे किंवा जुन्या जाड भिंतींचे असेल तर मधली खोली निवडा. टिनाच्या खोलीत ठेवूच नका. आणि चिलर पाण्यातून काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडतो, तेव्हा त्याच्या गरम हवेचे तोंड खिडकीकडे किंवा दाराकडे हवे.

वीजबिलाचेही बोलू. २०० वॅटचा चिलर दिवसाला १० ते १२ तास चालला तर महिन्याला ६० ते ७० युनिट होतात. पंप आणि वेव्हमेकर (टाकीतले पाणी हलते ठेवणारा छोटा पंखा) मिळून २५-३० वॅट, पण ते चोवीस तास चालतात, म्हणजे महिन्याला आणखी २० युनिट. घरगुती मीटरवर १०० युनिटांच्या पुढे दराची पायरी चढते, त्यामुळे टाकीचे युनिट बहुतेक वरच्या दरानेच मोजले जातात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आता लाइन जाण्याचा प्रश्न. ११० लिटर पाणी ४० अंशांच्या खोलीत चिलरविना तासाला अर्धा ते एक अंश तापते. थर्माकोल असेल तर अर्ध्याच्या जवळ. म्हणजे दोन-तीन तास चिलर बंद राहिला तरी निभते. जे निभत नाही ते पाण्याचे हलणे थांबणे. पाणी स्थिर झाले की वरून प्राणवायू मिसळणे थांबते, आणि तापलेल्या पाण्यात तो आधीच कमी असतो. तेव्हा बॅकअप चिलरला नको, वेव्हमेकरला आणि छोट्या पंख्याला द्या. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-अवर असतात, हाती हजार ते बाराशे लागतात. वेव्हमेकर, पंप, पंखा आणि इन्व्हर्टरची स्वतःची भूक धरून ६० वॅट मोजले तरी रात्र आरामात निघते. त्याच बॅटरीवर चिलर टाकला तर ती संध्याकाळच्या आत बसते.

घरी इन्व्हर्टर असेल तर तो साधा आहे की प्युअर साइन वेव्ह (लाइनसारखीच वीज देणारा) ते पाहा. साध्या इन्व्हर्टरवर पंपाच्या मोटारी घूं-घूं करतात, तापतात आणि लवकर जळतात. इन्व्हर्टर नसेल तर टाकीसाठी म्हणून २०-२५ हजारांचा घेऊ नका. त्याऐवजी १२ व्होल्टची छोटी बॅटरी, तिचा चार्जर आणि डीसीवर चालणारा एअर पंप किंवा वेव्हमेकर घ्या. हे दोन-तीन हजारांत बसते. गावात बॅटरीचा फवारणी पंप घरोघरी असतो आणि त्यातली बॅटरी १२ व्होल्टचीच असते, म्हणून ती काढून वापरण्याचा मोह होतो. तो टाळा. कीटकनाशकाचा अंश लागलेली कोणतीही वस्तू टाकीच्या खोलीत आणायची नाही. कपाशीवर मारली जाणारी पायरेथ्रॉइड औषधे माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारक असतात. फवारून आलेला हात, त्या दिवसाचा सदरा, औषध कालवलेली बादली, हे सगळे लांब. मच्छरांचा स्प्रेही त्या खोलीत मारू नका, कारण एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

डीपी जळाली आणि आठवडाभर वीज नसली तर? अशा वेळी पाण्याच्या बंद बाटल्या कामाला येतात. एक लिटरची गोठलेली बाटली ११० लिटर पाणी साधारण एका अंशाने उतरवते. शेजारच्या गावात किंवा तालुक्याला ज्याचा फ्रीजर चालू आहे त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. बर्फ सुटा टाकायचा नाही, झाकण घट्ट लावलेली बाटलीच सोडायची, नाहीतर पाण्याचा खारेपणा बिघडतो.

विजेवरच्या खर्चात एक भाग असा आहे ज्यात मी कोणालाही काटछाट करू देत नाही: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे आणि मुले टाकीत हात घालणारच. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सुकते, आणि अर्थिंगचा रॉड नावालाच उरतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत जा. प्रत्येक वायर बोर्डात जाण्याआधी खाली झोल घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोलाच्या टोकाला पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. चिलरला स्टॅबिलायझर लावा. संध्याकाळी व्होल्टेज पडते तेव्हा कॉम्प्रेसर जळतो.

पाण्याकडे येतो. तुमचे गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात आहे म्हणून प्रश्न रास्त आहे. पण विहिरीचा खारटपणा आणि समुद्राचा खारटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन-चार हजार टीडीएसचे (लिटरमागे तितके मिलिग्रॅम क्षार विरघळलेले) पाणी आपल्याला तोंडात धरवत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मात्र सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे टीडीएसच्या भाषेत ३५ हजार. आणि त्यांचे प्रमाण ठरलेले आहे: लिटरमागे मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या जवळ, कॅल्शियम ४१०-४२०, म्हणजे मॅग्नेशियम कॅल्शियमच्या तिप्पट. विहिरीच्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट आपल्याच हिशेबाने असतात, वर शेतातून झिरपलेले नायट्रेट असते. त्यात समुद्री मीठ घातले की सगळे गणित बिघडते. खडेमीठ किंवा जेवणातले मीठ घालून तर समुद्राचे पाणी होतच नाही. सुरुवात शक्य तितक्या कोऱ्या पाण्याने करायची आणि त्यात मत्स्यालयासाठीच बनवलेले समुद्री मीठ मिसळायचे.

त्यासाठी दुकानदार आठ-दहा हजारांचे आरओ-डीआय यंत्र (आधी मेंब्रेन म्हणजे पडद्यातून आणि मग क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या दाण्यांतून पाणी गाळणारे) सांगेल. तुमच्या पाण्यावर ते चालेलही, पण मेंब्रेन आणि रेझिन दोन्ही लवकर संपतील, आणि एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन लिटर वाया जाईल. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे मला पटत नाही. त्यापेक्षा गावातल्या किंवा जवळच्या आरओ प्लांटचा २० लिटरचा जार आणा आणि रंग बदलणारे रेझिन भरलेल्या एका डीआय बाटलीतून ते पाणी सावकाश गाळून घ्या. बाटली दीड-दोन हजारांत येते, टीडीएस मीटर तीनशे-चारशेत. बाटलीतून येणारे पाणी शून्य ते पाच टीडीएस दाखवले पाहिजे. वर जायला लागले की रेझिन बदला. घरचा पिण्याचा आरओ वापरणार असाल तर त्यातले टीडीएस वाढवणारे बटण आणि मिनरलची नळी वगळून, मेंब्रेनच्या लगेच पुढचे पाणी घ्या.

त्याहून चांगले पाणी तुमच्याकडे फुकट पडते. पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन सरी छप्पर धुऊन जाऊ द्या. मग सिमेंटच्या स्लॅबवरचे किंवा थेट स्वच्छ ताडपत्रीवर धरलेले पाणी अन्नासाठी वापरतात तशा टाकीत साठवा आणि कार्बनमधून गाळून ठेवा. १०० चौरस फूट स्लॅबवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २३० लिटर पाणी उतरते. एका झडीत वर्षभराच्या पाणीबदलाचे जवळपास जमते. टिनाच्या पत्र्यावरचे पाणी मात्र नको, त्यात जस्त उतरते. आणि कपाशीवर फवारणी चालू असेल त्या आठवड्यातलेही नको.

हे कोरे पाणी फक्त मीठ कालवायला लागते असे नाही. टाकीतले पाणी रोज उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची घट कोऱ्या पाण्याने भरून काढायची, खाऱ्याने नाही. इथेच दुकानदाराची एक फुटाची टाकी बाद होते. मे महिन्यात पंखा लावलेल्या टाकीतून दिवसाला चार लिटर सहज उडतात. टाकी ११० लिटरची असेल तर एक दिवस भरायचे राहून गेले की खारेपणा ३५ वरून ३६ च्या थोडा वर जातो; माशाला कळतही नाही. छोट्या टाकीत वरचा पृष्ठभाग लहान, त्यामुळे पाणी थोडे कमी उडेल, पण तीस लिटरच्या टाकीतून चारच्या जागी अडीच लिटर उडाले तरी खारेपणा ३८ वर पोचतो, आणि चार लिटर उडाले तर ४० ओलांडतो. तापमानही तसेच, लहान टाकी भराभर तापते आणि भराभर निवते. छोटी टाकी स्वस्त दिसते, पण विदर्भात तीच सगळ्यात अवघड टाकी आहे.

माझे माप २४ बाय १८ बाय १८ इंच. आठ मिलिमीटर काच, तालुक्याच्या काचवाल्याकडून किंवा मत्स्यालयाच्या कारागिराकडून करून घेतली तर चार हजारांच्या आसपास. दगड-वाळू धरून हिचे वजन दीडशे किलोच्या वर जाते. स्टँड लोखंडी अँगलचा केला तर मीठ त्याला खाते, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात लावले तरच टिकतो. आपल्या भागात सागवान मिळते, ओळखीचा सुतार असेल तर सागाचा स्टँड करा, तो खाऱ्या थेंबांना जुमानत नाही. फरशी समतल आहे का ते पाण्याच्या नळीने तपासा. वर काचेचे झाकण ठेवू नका, उष्णता कोंडते. नायलॉनची जाळी ताणून बसवा. क्लाउनफिश उडी मारते, आणि आपल्या घरांत पाली असतात.

बाकीच्या वस्तूंचा खर्च असा पडतो. टाकी आणि स्टँड मिळून ८ हजार. दोन वेव्हमेकर अडीच हजार, मागे अडकवायचा फिल्टर २ हजार. वेव्हमेकर दोन घ्या म्हणतो कारण एक बंद पडला तर दुसरा मिळेपर्यंत चार दिवस जातात, दुकान आपल्या गल्लीत नाही. हीटर दीड हजारात दोन, पन्नास वॅटचे. हीटर कशाला असे वाटेल, पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा ८-१० वर येतो आणि बंद खोलीतले पाणीही २० च्या खाली जाते. शंभर वॅटचा एकच घेतला आणि त्याचा थर्मोस्टॅट चिकटला तर टाकी उकडते. पन्नासचा चिकटला तर वेळ मिळतो. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचे उपकरण) आणि तो तपासायचे ३५ चे द्रावण, २ हजार. तरंगत्या काट्याच्या स्वस्त मापकावर भरवसा ठेवू नका. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएचचे टेस्ट किट अडीच हजार. मीठ २० किलोची पिशवी ५ हजार: पहिल्या भरणीला चार किलोच्या आसपास, नंतर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलले तर वर्षाला दहा किलो, म्हणजे एक पिशवी वर्ष काढते. पिशवी उघडल्यावर हवाबंद डब्यात ठेवा, पावसाळ्यात तिचा दगड होतो. दगड आणि अ‍ॅरागोनाइट (चुनखडीच्या जातीची) वाळू ५ हजार. लाइट बाराशे. आरसीसीबी आणि अर्थिंग अडीच हजार. डीआय बाटली आणि टीडीएस मीटर २ हजार. मीठ कालवायचा डबा, नळी, नवी बादली हजार रुपये. क्लाउनफिशची जोडी दीड हजार. बेरीज ३६ हजार ७०० होते. उरलेल्या तीन हजारांत बॅटरी आणि डीसी एअर पंप बसतो. तुमचे ४० हजार इथे संपले, आणि यात चिलर नाही.

लाइट एवढ्या कमीत का? कारण भारी लाइट प्रवाळासाठी असतो, माशांसाठी नाही. आणि प्रवाळ तुम्ही ठेवू नये असे माझे ठाम मत आहे. समुद्रात रीफ (प्रवाळाचे खडक) बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, सी-फॅन (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. समुद्रघोडा आणि समुद्रकाकडी यांनाही याच कायद्याचे संरक्षण आहे. दुकानात मिळाले म्हणून ते कायदेशीर होत नाही. लाइव्ह रॉक म्हणून समुद्रातून तोडून आणलेला दगडही घेऊ नका. कारखान्यात बनवलेला सच्छिद्र सिरॅमिक किंवा ड्राय रॉक घ्या, अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातही तसेच वस्ती करतात.

स्किमर वाईट वस्तू नाही. पण दोन-तीन मासे, मोजके खाद्य आणि पंधरवड्याचा पाणीबदल एवढ्यावर या मापाची टाकी त्याच्याविना चालते. त्याचे पाच-सात हजार चिलरकडे वळवा. दुसऱ्या वर्षी वाटले तर घ्या.

हप्त्यांचे वेळापत्रक शेतीच्या पैशाला धरून बसते. दिवाळीनंतर कापसाचा पैसा हाती येतो तेव्हा टाकी, पाणी, दगड, पंप सुरू करा. मासे लगेच नाहीत. अमोनिअम क्लोराइडचा मोजका डोस किंवा चिमूटभर खाद्य घालून जिवाणू वाढू द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकायला चार ते सहा आठवडे लागतात. हे आठवडे मुलांना जड जातील. टेस्ट किटचे रंग रोज वहीत लिहायचे काम त्यांना द्या, त्यांच्या शाळेतल्या विज्ञानाच्या तासालाही ते उपयोगी पडेल. डिसेंबर-जानेवारीत मासे मागवा. मुंबई किंवा चेन्नईहून मूर्तिजापूर-बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने येणारी पिशवी थंडीत तगते, एप्रिलमध्ये तगत नाही. हौदात पैदास केलेलीच क्लाउनफिश मागा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिच्या पैदाशीचे तंत्र केव्हाच बसवले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेली घेण्याचे कारण नाही. पैदाशीची पिल्ले दाणा खायला शिकलेली असतात आणि बंद टाकीला सरावलेली. मुले निळ्या टँग माशासाठी हट्ट धरतील; त्याला सहा फुटांची टाकी लागते, तेव्हा नाही म्हणा.

फेब्रुवारीच्या शेवटी चिलर. होळीनंतर मागणी वाढते, किंमत चढते, आणि माल पोचायला वेळ लागतो. काही अडचण येऊन तोपर्यंत पैसे जमले नाहीत तर मासे उन्हाळ्यापुरते एसी असलेल्या कोणा ओळखीच्या टाकीत किंवा दुकानदाराकडे परत द्या. पंख्यावर सगळा मोसम काढू असे ठरवू नका. मे निघेल, जून निघणार नाही. चालवायचा खर्च मीठ, रेझिन, किट, खाद्य आणि वीज धरून हिवाळ्यात महिन्याला सहाशे-सातशे, उन्हाळ्यात हजार ते दीड हजार.

जुने सामान घेऊन खर्च कमी करता येतो का, हेही तुम्ही शेवटी विचारले आहे. चिलर जुना चालतो, दहा-बारा हजारांत मिळतो. घेताना बादलीभर पाणी पंपाने त्यातून फिरवून बघा. अर्ध्या तासात पाणी चार-पाच अंश उतरले पाहिजे आणि ठरवलेल्या अंशावर कॉम्प्रेसर आपोआप बंद पडला पाहिजे. मागची जाळी धुळीने बुजली असेल तर ब्रशने साफ होते, पण कॉम्प्रेसर सुरू होताना दोन-तीनदा अडखळत असेल तर सोडून द्या. वेव्हमेकर आणि फिल्टर जुने चालतात, नुसते व्हिनेगरमध्ये रात्रभर चालवून चुना काढायचा. टेस्ट किट जुने कधीच नाही, त्यावर मुदत असते. हीटरही नाही. जुना दगड, जुनी वाळू आणि जुनी टाकी यांच्या मालकाला एकच प्रश्न विचारा: माशांना कधी तांब्याचे औषध दिले होते का. दिले असेल तर दगड-वाळू अजिबात घेऊ नका, ते तांबे शोषून महिनोन्‌महिने पाण्यात सोडत राहतात. टाकी घ्यायचीच असेल तर ती फक्त माशांसाठी ठेवा, त्यात कोळंबी किंवा शंख सोडू नका.